एक मिळकत आणि पाच दप्तरे

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, उन्हाचा ताप ओसरू लागल्यावर, जूनच्या अखेरीस उघडतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत पवनी तालुक्यातल्या धानउत्पादकाच्या घरातील शिलकीचा शेवटचा रुपयाही बियाण्यात, खतात आणि नांगरटीच्या भाड्यात गेलेला असतो. ज्याच्या घरी शेती नाही, ज्याची उपजीविका बाजारपेठेतल्या लहानशा दुकानावर, पतसंस्थेतल्या कारकुनीवर किंवा कोष्टीपुऱ्यातल्या उरल्यासुरल्या मागावर चालते, त्याचीही स्थिती फारशी निराळी नसते. कारण या चौरास भागात पैसा धानाबरोबर येतो आणि धानाबरोबर जातो, आणि दिवाळीनंतर आधारभूत खरेदी केंद्रावर माल जाऊन त्याचे चुकारे हाती पडेपर्यंत गिऱ्हाइकाची उधारी दुकानदाराच्या वहीतच राहते. अशा वेळी खासगी विनाअनुदानित शाळेचे फीचे कार्ड घरी येते, त्यामागोमाग गणवेश, पुस्तके आणि स्कूलबस यांचा हिशेब येतो, आणि ज्या घरात शाळेत जाणारी मुले चार किंवा पाच आहेत त्या घरात हे सारे चौपट-पाचपट होऊन येते. या घरांविषयी मला लिहावयाचे आहे. ती दारिद्र्यरेषेखालची नाहीत, म्हणून शाळेच्या फीसाठी शासनाच्या कोणत्याही तजविजीत ती बसत नाहीत. आणि ती सुखवस्तूही नाहीत, म्हणून बाजाराच्या भावाने शिक्षण विकत घेणे त्यांना झेपत नाही.

माझ्या परिचयाचे असे एक कुटुंब पवनीत आहे. कर्ता पुरुष पतसंस्थेत कारकून, जोडीला वडिलोपार्जित दोन एकर धानाची शेती. दोन्ही मिळून वर्षाकाठी दोन लाख चाळीस हजार रुपयांची मिळकत. घरात वृद्ध आई, पत्नी, स्वतःची तीन मुले, आणि अकाली निधन पावलेल्या धाकट्या भावाची विधवा पत्नी व तिची दोन मुले, अशी एकंदर नऊ माणसे एका चुलीवर जेवतात. घर स्वतःचे, कौलारू. दारात एक दुचाकी. गावात मान, लग्नकार्यात पुढे बसण्याचा अधिकार, आणि कोणापुढे हात पसरावयाचा नाही असा तीन पिढ्यांचा संकेत. या घरातील एका कोनाड्यात पाच फी-कार्डे दोरीने बांधून ठेवलेली मी पाहिली आहेत. त्यांतील दोन इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेची, दोन अनुदानित शाळेची आणि एक नगर परिषदेच्या शाळेचे. आणि कोणते कार्ड कोणत्या मुलाचे, हे ज्या क्रमाने ठरले तो क्रम पाहिला की मन अस्वस्थ होते. थोरला मुलगा आणि पुतण्या खासगी शाळेत आहेत. मुली नाहीत. पुतण्याला घालणे भाग होते, कारण स्वतःच्या मुलाला घातले आणि भावाच्या मुलाला वगळले असे गावाने म्हटलेले या गृहस्थाला सहन झाले नसते. आणि दोघांची फी भरून झाल्यावर तिसऱ्यासाठी काही उरले नाही. त्याने कोणावर अन्याय करावयाचा म्हणून केला नाही. खिशात असलेल्या रुपयांची वाटणी त्याने आपल्या समजुतीप्रमाणे केली, आणि ती समजूत आपल्या समाजाने त्याला दिलेली होती.

आता शासन अशा घराकडे कसे पाहते ते पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला, १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि त्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तरावरच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. या कलमाला आव्हान मिळाले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ च्या निकालाने ते उचलून धरले. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचना काढून, ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या बंधनातून मोकळे करण्याचा घाट घातला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती देऊन आणि मग १९ जुलै २०२४ रोजी ती तरतूद रद्दबातल ठरवून ही राखीव जागा वाचवली. हे सारे स्वागतार्हच आहे. तथापि आर्थिकदृष्ट्या दुर्बल कोण, हे ठरविणारी या राज्यातील मर्यादा वार्षिक एक लाख रुपयांची आहे, आणि ती वर्षानुवर्षे तेथेच गोठलेली आहे. एक लाख म्हणजे दिवसाला दोनशे चौऱ्याहत्तर रुपये. वर्षभर रोज काम मिळालेला साधा मजूरही या रेषेच्या वर निघेल. दिल्लीत हीच एक लाखाची मर्यादा होती. तेथील उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती अपुरी ठरवली आणि पुढे ती वाढलीही. महाराष्ट्रात मात्र विसंगती अशी की, १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर नोकरीत आणि उच्च शिक्षणात आर्थिक दुर्बल घटकाला जे आरक्षण मिळाले त्यासाठी आठ लाखांपर्यंत मिळकत असलेले कुटुंब दुर्बल मानले जाते, आणि सहा वर्षांच्या बालकाला पहिलीत बसवावयाचे असेल तर तेच राज्य एक लाख एक रुपया मिळविणाऱ्यालाही सबळ समजते.

पण मर्यादा वाढवली म्हणजे प्रश्न सुटला, असे मला वाटत नाही. कारण खरा दोष मर्यादेच्या आकड्याहून खोल आहे. मिळकत किती, एवढेच शासन विचारते. त्या मिळकतीवर किती जीव जगतात, हे ते विचारीत नाही. समजा, एका घरात नवरा, बायको आणि एक मूल असून वर्षाची प्राप्ती शहाण्णव हजार आहे. त्या घरात दरडोई बत्तीस हजार रुपये येतात, आणि ते कुटुंब, योग्यच आहे, सवलतीस पात्र ठरते. वर ज्या घराचा उल्लेख केला त्याच्या दोन लाख चाळीस हजारांना नऊने भागले तर दरडोई सव्वीस हजार सहाशे रुपयांच्या आसपास येतात. म्हणजे जे घर प्रत्यक्षात अधिक ओढग्रस्त आहे ते कागदावर अडीच पट श्रीमंत ठरून दाराबाहेर राहते. हा भागाकार चौथीच्या मुलाला येतो; धोरण आखणाऱ्यांनी तो आजवर केलेला नाही. अन्यत्र तो केला गेला आहे. फ्रान्सने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, प्राप्तिकराच्या आकारणीत कुटुंबाची मिळकत त्यातील माणसांच्या हिश्शांनी भागण्याची पद्धत घातली, आणि आज तेथील अनेक नगरांत शाळेच्या भोजनगृहातील जेवणाचा दरसुद्धा तशाच कौटुंबिक भागाकारावर ठरतो. अमेरिकेतील खासगी शाळांत फीची सवलत मागणाऱ्या पालकाला अर्जातच विचारले जाते की, घरात किती मुले आहेत आणि त्यांपैकी किती जण फी देऊन शिकत आहेत. त्या देशांचे सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे. एवढी एक गोष्ट मात्र त्यांना दिसली आहे, की फी मुलागणिक द्यावी लागते, म्हणून ऐपतही मुलागणिकच मोजली पाहिजे.

आपल्याकडे मुले मोजली जातात, नाही असे नाही. पण ती सवलत तोडण्यासाठी मोजली जातात. पूर्वी जिला ई. बी. सी. (आर्थिकदृष्ट्या मागासवर्गीय) सवलत म्हणत आणि आज जिला राजर्षी छत्रपती शाहू महाराज यांचे नाव दिलेले आहे, त्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्क शिष्यवृत्तीचा लाभ कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांपुरता मर्यादित आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत मुलांच्या शिक्षणशुल्काची वजावट मिळते, तीही दोन मुलांपुरतीच. पगारातील शिक्षणभत्ता कित्येक दशके दरमहा शंभर रुपये करमुक्त राहिला, तोही दोघांपुरताच. लोकसंख्येला आळा घालण्याच्या हेतूने हे नियम झाले, आणि तो हेतू मी कमी लेखीत नाही. परंतु तिसरे अपत्य जन्माला यावे की न यावे याविषयी त्या तिसऱ्या अपत्याला कोणी विचारलेले नसते. आईबापांना दंड करावयाचा म्हणून मुलाची शिष्यवृत्ती काढून घेणे हा न्यायाचा कोणता प्रकार आहे, हे मला आजवर कळलेले नाही. शिवाय मोठे कुटुंब म्हणजे अविचाराने वाढविलेले कुटुंब, हे समीकरण शहरी आहे. आमच्याकडची मोठी घरे पुष्कळदा मृत्यूने मोठी होतात: भाऊ जातो आणि त्याची मुले पदरात येतात, बहीण माहेरी परतते आणि भाचे येथल्या शाळेत नाव घालतात, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गाव गेलेला एखादा नातलग पुनर्वसनाची घडी बसेपर्यंत आपली मुले पवनीत ठेवून जातो. ज्याने ही मुले सांभाळली त्याने समाजाचाच भार उचलला आहे, आणि त्याला दोनाच्या पुढे काही मिळणार नाही असे सांगणे म्हणजे ते ओझे उचलल्याबद्दल त्याला शासन करणे होय.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या चरित्रातील एक हकीकत आपण शाळेत सद्गदित होऊन वाचलेली असते. वडील वारले तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत राहिले. त्या आठ रुपयांतून हिंदुस्थानाला एक थोर अर्थशास्त्रज्ञ, एक निःस्वार्थ लोकसेवक मिळाला, हे खरे. परंतु गोविंदराव काय झाले असते, हा प्रश्न आपण त्या हकीकतीला कधी विचारीत नाही. एका घरातले एक मूल शिकावे म्हणून दुसऱ्याने थांबावे, ही रीत आपल्या मध्यमवर्गाच्या इतक्या अंगवळणी पडली आहे की तिला आपण त्याग म्हणतो आणि तिचा गौरव करतो. माझ्या मते गोखल्यांनी स्वतः या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. १९११ साली त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले, पण ज्या माणसाचे शिक्षण भावाच्या उपासमारीतून झाले होते त्याने शिक्षणाचा खर्च एकेका कुटुंबाच्या त्यागावर सोडू नये असे म्हणावे, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढून संस्थानापुरते ते करूनही दाखविले. आणि द्वैभाषिक मुंबई राज्याच्या अखेरच्या काळात, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना जात न विचारता फीमाफी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्या सवलतीने खेड्यापाड्यांतली एक अख्खी पिढी महाविद्यालयापर्यंत पोहोचली. आजच्या पवनीतले निवृत्त शिक्षक, वकील, अभियंते यांना विचारून पाहावे. त्यांतील पुष्कळांच्या प्रवेशअर्जावर ई. बी. सी. ही तीन अक्षरे होती.

आज गोविंदरावांच्या जागी बहुधा बहीण असते. तिने नोकरी धरावी असे कोणी म्हणत नाही. तिने फक्त फी नसलेल्या शाळेत जावे, एवढेच ठरते, आणि ते ठरताना घरात आवाजसुद्धा चढत नाही. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आतील कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले, हा निर्णय मी मनापासून चांगला समजतो. पण जी मुलगी सहाव्या वर्षीच भावाच्या मागे पडली ती अठराव्या वर्षी या माफीच्या दारापर्यंत कोणत्या तयारीने पोहोचणार, याचाही विचार करावयास हवा.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. खासगी शाळेत मुलांना घालावेच कशाला? नगर परिषदेची शाळा आहे, जिल्हा परिषदेची आहे, अनुदानित विद्यालये आहेत. तेथे शिकून मोठी झालेली माणसे याच गावात आहेत. हे सर्वस्वी खरे आहे, आणि सार्वजनिक शाळा उत्तम होणे हाच या रोगावरचा मूळ उपाय आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु ज्या पित्याने शेजारच्या इंग्रजी शाळेची बस आपल्या दारावरून जाताना पाहिली आहे, ज्याला स्वतःला पतसंस्थेत इंग्रजी पत्र आले की दुसऱ्याकडे न्यावे लागते, त्याच्या सात वर्षांच्या मुलाने सार्वजनिक शाळा सुधारेपर्यंत वाट पाहावी, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. शिवाय २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावोगावी खासगी शाळा काढण्यास शासनानेच वाट मोकळी करून दिली, आणि त्या शाळांना अनुदान देणार नाही असेही त्याच वेळी ठरवून टाकले. तेव्हा त्या शाळेचा सारा भार पालकावर पडणार हे शासनाला ठाऊक होते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाही तर लेखणीशी प्रतारणा होईल. तालुक्याच्या गावातील खासगी शाळा ही बहुधा काही पैसा छापणारी टांकसाळ नसते. तेथल्या शिक्षिकेचा पगार अनुदानित शाळेच्या शिपायाहूनही कमी असल्याचे मी पाहिले आहे. राखीव पंचवीस टक्क्यांतल्या मुलांमागे शासन शाळेला जी प्रतिपूर्ती देते ती गेली काही वर्षे दरसाल सतरा हजार सहाशे सत्तर रुपये या दराने ठरलेली आहे, आणि ती वर्षानुवर्षे थकते, ही शाळाचालकांची तक्रार साधार आहे. मग एका घराची फी माफ करावयाची तर ती कोठून? शेजारच्या मुलाच्या फीतून किंवा शिक्षिकेच्या पगारातून, तिसरी जागा नाही. म्हणून जे लोक ‘शाळेने माफ करावी’ एवढे म्हणून थांबतात त्यांच्याशी मी सहमत नाही. मुख्याध्यापकांच्या मर्जीवर अवलंबून असलेली माफी ही त्यांनाही संकटात टाकते. एकाला दिली की दहा जण दारात उभे राहतात, आणि कोणाला का दिली याचे उत्तर त्यांच्याजवळ नसते. मर्जीच्या जागी नियम आला पाहिजे, आणि नियमाच्या मागे निधी उभा राहिला पाहिजे.

असा निधी ही कल्पनेतली गोष्ट नाही. याच राज्यात ती रुग्णालयांच्या बाबतीत अस्तित्वात आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ कक या कलमाने धर्मादाय रुग्णालयांवर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवण्याचे बंधन आहे, आणि २००६ साली उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयाने आपल्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळी काढावयाची असते. या योजनेची अंमलबजावणी सर्वत्र निर्दोष आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण नियम लिहिलेला आहे, आणि म्हणून रुग्णाचा नातेवाईक धर्मादाय आयुक्तांकडे जाऊन तो दाखवू शकतो. कितीतरी खासगी शाळा चालविणाऱ्या संस्था त्याच कायद्याखाली, त्याच धर्मादाय कार्यालयात नोंदविलेल्या आहेत. विद्यादान हा धर्मादायच मानून त्यांना करांत सवलती आहेत. आजारी माणसासाठी जो दोन टक्क्यांचा न्याय लावला तो शिकणाऱ्या मुलासाठी का लावू नये? चारशे मुलांच्या, वीस हजार रुपये फी असलेल्या एखाद्या शाळेचे उदाहरण घेऊ. वर्षाची जमा ऐंशी लाख. तिचे दोन टक्के एक लाख साठ हजार. एवढ्यात सोळा मुलांची अर्धी फी भागते. एका मुलामागे याचा बोजा वर्षाला चारशे रुपयांहून अधिक पडत नाही. गावाबाहेर, नागपूर-पुण्यास स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी यात भर घातली तर निधी सहज दुणावेल.

पवनीला अशा सामुदायिक दानाचे संस्कार नवीन नाहीत. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर जे उत्खनन केले त्यात मौर्य-सातवाहन काळातला भव्य स्तूप उजेडात आला, आणि त्याच्या वेदिकेच्या स्तंभांवर ब्राह्मी लिपीत दात्यांचे लेख कोरलेले मिळाले. एका सम्राटाने हुकूम करावा आणि स्तूप उभा राहावा, असे ते काम नव्हते. भिक्षू-भिक्षुणींनी आणि प्रापंचिक स्त्रीपुरुषांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे एकेक शिळा, एकेक स्तंभ दिला आणि वैनगंगेच्या काठचे ते वैभव निर्माण झाले. दात्याचे नाव दगडावर कोरावे हे योग्यच आहे. घेणाऱ्याचे नाव मात्र कोठेही दिसता कामा नये. आणि आजच्या शाळांत नेमके याच्या उलट घडते.

फी थकलेल्या मुलांची नावे प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखविणे, त्यांना वर्गाबाहेर उभे करणे, चाचणीचा पेपर हातात न देणे, डायरीत लाल शाईने सूचना लिहून ती सर्वांसमक्ष परत करणे, हे प्रकार मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. आरंभी सांगितलेल्या कारकुनाच्या घरातल्या नऊ वर्षांच्या पुतण्याला एके दिवशी असाच निरोप मिळाला, आणि त्याने तो घरी सांगितलाच नाही. त्याची आई धुणे धुताना खिशातली भिजलेली चिठ्ठी पाहून काय ते समजली. दुसऱ्या दिवशी ती दिरासह शाळेत गेली. ‘सर, धानाचे चुकारे आले की सारी फी एकरकमी भरून देतो,’ असे तिच्या दिरांनी सांगितले. त्यावर, ‘भाऊ, तुमच्यासारख्यांनीच असे केले तर आम्ही कोणाकडे पाहावे?’ असे उत्तर मिळाले. बोलणारा दुष्ट नव्हता. त्यालाही महिनाअखेर पगार वाटावयाचे होते. पण ती भावजय त्यानंतर शाळेच्या फाटकात गेलेली नाही, आणि मुलाला नगर परिषदेच्या शाळेत घालावे असे तिने दोनदा सुचविले, कारण दिराच्या मुलाच्या फीवर आपल्या मुलाचा भार पडतो ही गोष्ट त्या चिठ्ठीने तिच्या मनात कायमची रुजवली.

पालकांना ठाऊक नसते आणि शाळा सांगत नाहीत, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. सतराव्या कलमाप्रमाणे बालकाचा मानसिक छळ निषिद्ध आहे, आणि फीसाठी चारचौघांत मान खाली घालावयास लावणे हा छळ नव्हे असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? पाचव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलाचा दाखला तात्काळ द्यावा लागतो. येणे असलेली रक्कम पालकाकडून वसूल करण्याचे सनदशीर मार्ग शाळेला खुले आहेत; मुलाला तारण ठेवणे हा त्यांतला मार्ग नव्हे. आणि राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्यांनीही लक्षात ठेवावे की ती सवलत आठवीला संपते. नववीला पूर्ण फीचे कार्ड येते, त्याची तरतूद आधीच करावयास हवी.

आता मागणी कोणाकडे करावयाची? कायदा बदलण्यास वेळ लागेल, आणि तो बदलावा म्हणून आमदार-खासदारांकडे जावे लागेल ते निराळे. पण एक दार आजच उघडे आहे आणि त्यातून कोणी आत जात नाही. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन अधिनियम, २०११ प्रमाणे प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावयास हवा, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जावयास हवी, आणि व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्यापूर्वी निदान सहा महिने त्या समितीपुढे ठेवावयास हवा. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही. म्हणजे फीसंबंधी जे काही म्हणावयाचे ते याच बैठकीत म्हटले पाहिजे; मागाहून तक्रार घेऊन विभागीय समितीकडे जावयाचे तर निदान पंचवीस टक्के पालकांची एकजूट दाखवावी लागते, आणि ती लहान गावात, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाचा नातलग किंवा देणेकरी असतो, दुर्मीळ असते. आमच्याकडे हे संघ कागदावर असतात. सभेची सूचना मुलाच्या डायरीत चिकटवली जाते, आठ-दहा पालक येतात, चहा होतो, सह्या होतात.

त्या बैठकीत एक लेखी ठराव मांडता येईल, आणि त्याचा मसुदा अवघड नाही. जमेच्या दोन टक्क्यांचा सवलतनिधी वेगळ्या खात्यात ठेवावा. अर्जात मिळकतीबरोबर तिच्यावर अवलंबून असलेल्या माणसांची आणि शिकणाऱ्या मुलांची संख्या लिहून घ्यावी, आणि दरडोई रकमेवरून अनुक्रम लावावा. पालकत्व आईबापांचे की काकांचे, यावरून भेद करू नये. एकाच घरातील दुसऱ्या मुलाला फीत काही सूट आणि तिसऱ्यापासून अधिक सूट असावी, आणि एका घरातील मुलगा शाळेत असेल तर त्याच्या बहिणीच्या अर्जाला अग्रक्रम मिळावा. अर्ज बंद पाकिटात यावेत, अर्जदाराचे नाव समितीपुढे न जाता क्रमांकच जावा, आणि निर्णय शाळा उघडण्यापूर्वी पालकाच्या हाती पडावा. ज्यांना सवलत नको, फक्त अवधी हवा, त्यांच्यासाठी हप्त्यांची वेळ बदलावी: जूनमध्ये चौथा हिस्सा आणि उरलेली रक्कम धानाच्या चुकाऱ्यांनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत, विलंबशुल्काविना. पवनी, लाखांदूर, लाखनी येथील शाळांनी मुंबईच्या शाळांचे वेळापत्रक का उचलावे, याला आजवर मला समाधानकारक कारण मिळालेले नाही. बँकेचे पीककर्ज हंगामावर ठरते, सोसायटीची वसुली हंगामावर ठरते. फीही तशीच ठरू शकते.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्यामुळे फीच्या प्रस्तावासाठी सहा महिने आधीच्या बैठकीचा हिशेब डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. खरेदी केंद्रांवर तेव्हा काटे चालू असतात, माणसे सकाळपासून पोती घेऊन रांगेत असतात, आणि संध्याकाळी मोकळी होतात. सभा संध्याकाळी सातला ठेवावी, सूचना आठ दिवस आधी फाटकावर लावावी, आणि ज्या घरांत दोनाहून अधिक दप्तरे आहेत त्या घरांतील निदान एका बाईने त्या सभेला यावे, म्हणून वर्गशिक्षिकेने स्वतः निरोप पाठवावा.